दाण्याच्या दह्याची कढी

मंगळवार, संध्याकाळ

दूध पचेनासं झाल्यापासून मी कोपऱ्यावरच्या नैसर्गिक किराणा दुकानातून शेंगदाण्याचं दही आणते. मला ते मनापासून आवडतं. आज त्याचीच कढी केली, सोबत हातसडीच्या तांदळाचा भात आणि राजगिऱ्याची भाजी. पण ह्यांना दह्याचं सांगितलं नाही. का नाही सांगितलं? ह्यांची सगळी नोकरी डेअरीत दूध-दही चाखून पास-नापास करण्यात गेली. दाण्याच्या दह्याला दही म्हटलेलंसुद्धा त्यांना खपत नाही.

तर ह्यांनी कढी तीनदा घेतली. तीनदा! एरवी दुसऱ्यांदा वाढायला गेलं की ताटावर आडवा हात. मला आनंद व्हायचा, तर मी नुसता भात चिवडत बसले. जेवणात कधी फसवलं नव्हतं त्यांना. तिसऱ्या वाटीला राहवलं नाही.

"अहो, हे दही दुधाचं नाही. दाण्याचं आहे."

"पहिल्या घोटालाच कळलं," हे म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"इतक्या महिन्यांनी माझ्याबरोबर बसून कढी प्यायलीस. मध्येच कशाला बोलू?"

मी उठून उगाच भाताचं भांडं झाकलं.

मग हेच म्हणाले, "पण दही जरा जास्त आंबलंय. उद्या मी येतो दुकानात. कसं लावायचं ते सांगतो त्यांना."

दुकानातल्या बाई स्वभावाने गरीब आहेत. त्यांना सकाळी फोन करून ठेवावा का?