आरसा पॉलिशचं गुपित

सोमवार, ३ मार्च

चोर! शुद्ध चोर! पलीकडच्या गल्लीत त्या जाड चष्मेवाल्या पोराने पॉलिशचं दुकान थाटलंय. हा तोच, मागे टेबल दुरुस्तीला घेऊन आला आणि तासभर माझं डोकं खाऊन गेला. डबीवर नाव काय, तर 'नवा आरसा'! आमच्या लाकडाच्या पॉलिशचं नाव 'आरसा', हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. झाकण उघडून वास घेतला. मेण, जवसाचं तेल, टर्पेंटाइन. माझीच कृती! खुर्च्या-टेबलं दुरुस्त करून दुकानाचं भाडं सुटतं, पण घर चालतं ते आमच्या डबीवर.

हिला सांगितलं. मागच्या खोलीत पातेलं ढवळत होती. (आमची जुनी वाटणी आहे — पातेलं हिच्याकडे, गिऱ्हाईक माझ्याकडे.) "हं," म्हणाली. बस्स, "हं"! इथे मी लुटला जातोय आणि ही "हं"!

मंगळवार, ४ मार्च

भाचीला फोन केला. वकील आहे, याच कामातली. रविवारी येते म्हणाली. तोवर भांडायला जायचं नाही, अशी तंबी. नाही गेलो. फक्त त्याच्या दुकानावरून दोनदा गेलो — खाकरत.

रविवार, ९ मार्च

भाची आली. आधी जेवण, मग कायदा. मी म्हटलं, सरळ कोर्टात खेच त्याला. ती म्हणाली, "मामा, दमानं घ्या. नाव ही एक गोष्ट, डबीवरचं चित्र दुसरी, कृती तिसरी. प्रत्येकाला कायदा वेगळा."

नाव म्हणजे ट्रेडमार्क. इतकी वर्षं वापरतोय, त्यामुळे आपला हक्क आहेच. पण वेळेवर नोंदणी केली असती तर आज काम सोपं झालं असतं. डबीवरची खुर्ची मी काढलेली. तिचा कॉपीराइट काढल्या क्षणापासून माझा! ऐकून छाती फुगली.

"आणि कृती?"

"ती गुपित ठेवली असेल तरच कायदा पाठीशी उभा राहतो. कुणाकुणाला सांगितलीय?"

आतून ही म्हणाली, "कुणाला नाही सांगितली, ते विचार."

खोटं कशाला बोलू? गिऱ्हाइकाने विचारलं की मला राहवत नाही. वाचनालयात फुकट वर्ग घेतला, तेव्हा प्रमाणासकट फळ्यावर लिहिली होती. पहिल्या रांगेत कोण? चष्मेवाला! "मग ती चोरी नाही, मामा. ते शिक्षण झालं," भाची म्हणाली. पेटंटचं विचारून पाहिलं. "ते नव्या गोष्टीचं मिळतं. गावभर पाठ असलेल्या गोष्टीचं नाही." माझ्या मांडीवर बसून बोळकं दाखवणारी पोर ही! आता माझंच तोंड बंद करते. कौतुक वाटलं, रागही आला.

बुधवार, १२ मार्च

नावाच्या नोंदणीचा अर्ज गेला. चष्मेवाल्याला नोटीसही गेली. पण नाव बदललं तरी पॉलिश तेच राहणार, आणि तो स्वस्त देतोय. दिवसभर माशा मारत बसलो. भीती वाटते. हिला बोललो नाही.

शनिवार, २२ मार्च

चष्मेवाल्याने मुकाट्याने नाव बदललं — 'चकाकी'! आणि त्याहून मोठी बातमी: पियानो शिकवणाऱ्या बाई, आमचं जुनं गिऱ्हाईक, परत आल्या. त्याच्या पॉलिशने पियानो चिकट झाला, बोटांचे ठसे उठतात म्हणे. मागोमाग हॉटेलवाला, त्याचंही तेच रडगाणं. एका दिवसात फळी रिकामी!

पण कृती तर तीच... "हाताचा गुण असतो एकेकाच्या," मी दोघांना ऐटीत सांगितलं. मागच्या खोलीत ही खोकली.

सोमवार, २४ मार्च

चष्मेवाला स्वतः आला. पडेल चेहऱ्याने. "काका, फळ्यावरचं जसंच्या तसं केलं. चुकतंय कुठे?" झालं, विरघळलो मी. ही बाजारात गेली होती. त्याला मागे नेलं, बाह्या सरसावल्या आणि करून दाखवलं. थंड झाल्यावर एका फळीवर लावलं.

चिकट! माझंही चिकट!

त्याने चष्मा पुसला, मी कपाळ. आला तसाच गेला बिचारा.

मंगळवार, २५ मार्च

हिला विचारलं. "तुमच्या कृतीच्या डब्या पहिल्याच वर्षी परत यायला लागल्या होत्या. तेव्हापासून मी आणखी एक वस्तू घालते. तुम्हाला सांगितलं असतं तर तीही फळ्यावर गेली असती." म्हणजे इतकी वर्षं मी पुढे फुशारक्या मारत होतो आणि ही मागे माझी लाज राखत होती. राग यायला हवा होता. आला नाही. भरून आलं. भाचीला फोन केला, तर ती खदाखदा हसली — "मामींनी गुपित अगदी कायद्याला हवं तसं सांभाळलंय!"

काय घालतेस, एवढंच सांग, म्हटलं. हिने पातेल्यावर झाकण ठेवलं. "अहो, जरा पुढे दुकानात जाऊन बसता का?"