शिवणीत गेलेलं घर

शुक्रवार, संध्याकाळ. शेलूबाजार.

गावाचा मध्य कुणी ठरवायचा? मी तो ठरवून मोकळीही झाले.

गावच्या आठवणींचं हातानं केलेलं माझं चित्रपुस्तक उद्या सकाळी पुण्याच्या प्रदर्शनाला जायचंय. एकच प्रत आहे. मधल्या जोडपानावर गावाचा नकाशा काढलाय. आमची बौद्ध वस्ती कायम कडेला, म्हणून मी ती हट्टानं बरोबर मधोमध आणली आणि पानं मधल्या घडीलगत शिवून टाकली.

आज बाबांना दाखवलं. त्यांनी बोटानं हायवे, बाजार, जीपचा थांबा ओळखला. मग बोट थांबलं. "आपलं घर कुठी हाये वं?"

"मधातच तं आहे, बाबा."

"मधात आणलं म्हनतं तू, पण दिसून तं नाही राह्यलं."

आई हसली. "बाजार पुरा दिसते. आपूनच तेवढे शिलाईत गेलो."

खरंच, अख्खी वस्ती पानांच्या दुमडीत गेली होती. घरातली पहिली पदवी, तीही चित्रकलेची, आणि एवढं सुचू नये? उसवताना कागद फाटला तर पाठवायला काहीच उरणार नाही. तसंच पाठवलं तर पुण्यात कुणाला कळणार आहे? पण बाबांचं ते थांबलेलं बोट...

दोरा कापला. एका भोकाशी कागद जरासा फाटला. बाकीची पानं परत शिवली. नकाशा आता सुटाच पुस्तकात ठेवलाय, आणि घडी बाजारावरून घातलीय.