करंजाच्या तेलावर

भोर, वैशाख

प्रिय सोजर,

लॉरी चालते. हे आधी सांगते, म्हणजे बाकीचं तू निवांत वाचशील.

तुझ्या सासूबाईंचा निरोप पोचला होता. "लॉरी आणा आन् लेक न्या. बैलगाडीत म्या पोर घालायची न्हाई." आम्हाला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण लॉरी दारात उभी होती. लढाई लागल्यापासून डिझेल औषधाएवढं मिळतं. कोंबड्या लॉरीखाली अंडी घालू लागल्या होत्या. आणि पाऊस लागला की वेल्ह्याची वाट बंद. तोवर तू आली नाहीस तर बाळंतपण तिकडेच.

तुझ्या दादांनी पुण्यात ऐकलं होतं, की हे इंजिन करंजाच्या तेलावरही चालतं. नीरेकाठी करंजांना तोटा नाही. मी आणि शेजारच्या ठकुबाईंनी शेंगा वेचल्या, बिया फोडल्या, घाण्यावर दिल्या. तेल निघेपर्यंत दादांना दम कुठला. हरिबा धनगराने घरचा डबा आणून दिला. "चोख हाय," म्हणाला. दोन आचके देऊन इंजिन बंद पडलं. तेल मेंढ्यांच्या खरजेवरचं होतं, गंधक घातलेलं. त्याने मायेने आपलं सगळ्यात चांगलं तेल दिलं होतं. दादांचा जोडीदार नाथा बोनेटवर हात ठेवून म्हणाला, "कुंडलिकराव, लॉरीची खरूज तरी गेली."

मग आपलं तेल आलं. ते थंड असताना काकवीसारखं घट्ट. दादांनी बैठकीमागे दुसरी टाकी बसवली. तिची तांब्याची नळी धुराच्या तापलेल्या नळकांड्याला वेढे देऊन पुढे नेली, म्हणजे तेल जाता जाता पातळ होतं. मध्ये एक तोटी. गाडी डिझेलवर चालू करायची, तापली की तोटी फिरवून करंजावर आणायची, थांबायच्या आधी पुन्हा डिझेलवर. तेल गाळायला माझं हिरवं लुगडं गेलं. चार पदरी. लग्नातलं नव्हे, भिऊ नकोस.

नाथा सारोळ्याच्या पुलापर्यंत जाऊन आला. पेठेत माणसं ओट्यावर येऊन उभी राहिली. ठकुबाईंनी नाकाला पदर लावला आणि लॉरीला ओवाळलं. "वास मारतीया, पर चालतीया की," म्हणाल्या. दादा त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

गुरुवारी ते येतील. बैठकीवर गादी घातली आहे. परतताना मागे भाताची पोती असतील. भरली गाडी उसळत नाही. इथवरचं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखव.

पुढचं तुझ्यापुरतं. लॉरी नाथाच्या हातात चालते. दादांच्या हातात भाटघरच्या अलीकडेच बंद पडते, रोज. त्यांनी नळी बदलली, तेल पुन्हा गाळलं, तोटी खोलून पाहिली. काल मी हट्टाने शेजारी बसले. दोष तेलात नाही. ते खड्डा दिसण्याआधीच ब्रेक दाबतात. चिमाजीची बैलगाडी आमच्यापुढे निघून गेली. "पावणं, ढकलू का?" म्हणाला. इतक्या हळू चाललं की नळकांडं तापत नाही, तेल घट्टच राहतं आणि इंजिनाचा घास अडकतो. नाथाला हे कळलेलं आहे. तो नुसता म्हणाला, "म्या जातो की आणायला." दादांनी नकाराची मान हलवली. मुऱ्हाळी म्हणून भावानेच जायचं, त्याच्या जागी दुसरा कसा चालेल? गेल्या वर्षी बैलगाडी खड्ड्यात आदळली आणि तुझं पोटातलं बाळ गेलं, तेव्हा कासरा त्यांच्याच हातात होता. घरी पोचल्यावर तुला उतरवून घेतलं तेही त्यांनीच. त्या दिवसाविषयी ते एक शब्द बोललेले नाहीत. मी विचारलेलं नाही. बैल मात्र त्यांनी महिन्याच्या आत विकले.

उरल्यासुरल्या डिझेलवर ते तिकडे पोचतील, पण परतीला करंजाचंच तेल. म्हणून हे पत्र. मी सांगितलं तर ते हो म्हणतात आणि तसेच हाकतात. तू त्यांच्या शेजारी बस. वेल्ह्याची वेस सुटली की त्यांच्याकडे न बघता सांग, "दादा, मला काही होत नाही. हाक जरा जोरात." हे तुझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. मी इकडे चुलीवर पाणी ठेवून लॉरीच्या आवाजाची वाट बघेन.

तुझीच,
रतनवहिनी