मुकी पेटी

दांडी, १२ नोव्हेंबर १९८७, संध्याकाळ

रेडिओ, टेप, रेकॉर्ड सगळं एकातच, म्हणून यांनी बोईसरहून थ्री-इन-वन आणला आणि सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर त्याच दुकानात देऊन टाकला. "आता घरात दुसरं काय नको," म्हणे! कालपासून गावात वीज नाही, पेटी मुकी. वाऱ्याची बातमी न ऐकताच सासरे पहाटे होडी घेऊन गेले. आत्ता सासूबाई शेजारच्या ट्रान्झिस्टरवर ऐकून आल्या, वादळ येतंय. पेटीकडे बघत म्हणाल्या, "एवडी मोटी हाय, पन वेळेला बोलली नाय." होडी अजून परतली नाही. काय म्हणावं या माणसाला? वाळू उडतेय म्हणून त्या मुक्या पेटीवर कव्हर चढवतोय.