ओला दोरा

बाबा,

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. सेनापतीच्या छापचित्राची डावी कड कसरीने खाल्लेली नाही. तुम्ही माझ्याकडे ठेवलेल्या संग्रहातली सगळी जुनी ब्रिटिश छापचित्रं, राजांची आणि लढायांची, काल फ्रेममधून काढून पाहिली. चौदा चित्रांची डावी कड तशीच मऊ, तंतू सुटलेली आहे. कसर इतक्या शिस्तीने खात नाही.

मग आठवलं. मी सात वर्षांची, वाचनालयात तुमच्या शेजारी, तोंडात दोरा. "भिजव, पण गिळू नकोस हं, राणी." तो ओला दोरा तुम्ही जाड पुस्तकाच्या शिवणीशी ठेवून पुस्तक मिटायचात. तासाभराने चित्राचं पान आवाज न करता हातात यायचं. मला तो खेळ वाटायचा. ग्रंथपालबाई म्हणायच्या, "किती शांत पोर! आमच्या कार्ट्याला पाठवते तुमच्याकडे शिकवणीला."

पुढे पानं गहाळ झाली म्हणून त्याच बाईंची नोकरी गेली. तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "कुंपणच शेत खातं, दुसरं काय!" आणि मी हसले होते.

हे पत्र टाकणार नाही. टाकलं तर तुम्ही पहिल्या गाडीने याल, रडाल, आणि मी पुन्हा शांत बसेन. चौदाही चित्रं बांधून ठेवली आहेत. आधी बाईंच्या घरी जाऊन त्यांना सगळं सांगेन. मग वाचनालयात, त्या आल्या तर त्यांच्यासोबत, नाहीतर एकटी. मंगळवारी, बारा तारखेला, सकाळी दार उघडताच.

तुमची,
शांत पोर