कोमट पाणी

ताई, तुला वाकून नमस्कार. मी धडधाकट आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो.

पॅकिंगचं काम सुटलं. मुकादम महिनाभर डोक्यावर उभा राहून “हात चालव” म्हणून ओरडला. तो जितका ओरडे, तितकी माझ्या हातून खोकी पडत. शेवटी कंटाळून म्हणाला, “तुला येतं तरी काय?” मी म्हटलं, “अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आंघोळ घालता येते. वडिलांना तीन वर्षं घातलीय.” त्याने ओळखीने इस्पितळात चिकटवलं.

आईला इथपर्यंतच वाचून दाखव.

मी शवागारात आहे. मेलेल्यांना आंघोळ घालतो. पहिल्या दिवशी सवयीने पाणी तापवलं, कोपर बुडवून पाहिलं. सोबतचा म्हातारा म्हणाला, “अरे वेड्या, त्यांना काय कळणार?” मी ओशाळलो. पण तो माझे हात बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानेच पाणी तापवून ठेवलं होतं. आता लहान मूल आलं, की माझ्याचकडे देतात. इथे कुणी घाई कर म्हणत नाही.

बाबांना आता कोण आंघोळ घालतं? भाऊजी घालत असतील तर सांग, डावा खांदा उचलायचा नाही, पाणी आधी पायांवर. नाहीतर ते दचकतात.

आणि मी पोचायच्या आत काही झालंच, तर त्या दिवशीही पाणी कोमटच घ्या.

तुझी,
तूच नाव ठेवलेली गोगलगाय