रेडिओ नसलेलं लालबाग

मिस्त्री, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी आज हे लिहायला बसलोय. कागद उडून सुनेच्या हाती पडेल म्हणून मी खिडकी लावून घेतली आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. परळ-लालबागला गिरण्यांतल्या विजेच्या मोटारी सुरू झाल्या की रेडिओत नुसती खरखर. म्हणून आपल्या रेडिओ केंद्राचा ट्रान्समीटर हलवायचा होता. शिवडीच्या खाजणात न्यायचा की लांब उपनगरात, ते घरोघर विचारून भरलेल्या वहीवर ठरणार होतं. मी सातवी नापास, हंगामी. "पोराचं अक्षर बघा, साहेब," म्हणून तुम्ही शब्द टाकलात आणि वही माझ्याकडे आली. काम नीट झालं तर मी कायम, नाहीतर घरी.

लालबागच्या पहिल्याच खोलीत मी विचारतो, "रेडिओ कसा ऐकू येतो?" आजी म्हणतात, "रेडिओ? आमच्याकडे कुठला, बाबा!" कोपऱ्यात नक्षीच्या रुमालाखाली कोणीतरी भजन गातंय. मी तिकडे बघतो. "ते होय? ते शेजारचं." तेव्हा रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि अख्ख्या मजल्यावर तो कोणाकडेच नव्हता. त्यात माझा खाकी सदरा. जिन्यात एकाने अडवलं, "लायसनवाला की सीआयडी?" म्हटलं, "दोन्ही नाही, मी आवाजाची चौकशी करतो." तो आत वळून ओरडला, "सीआयडीच आहे!"

चार दिवसांत वहीत एकच मजकूर जमला: रेडिओ नाही. दादरला रेडिओ, गिरगावात रेडिओ, लालबागमध्ये एकही नाही. ही वही साहेबांनी पाहिली असती तर ट्रान्समीटर उपनगरात गेला असता आणि मी कोकणात. तुम्ही विचारलंत, "मेल्या, वही भरलंस?" मी म्हणालो, "भरली, पण शाई ओली आहे." मग इराण्याकडे बसून मी नवी वही भरली. खरखर. फार खरखर. बातम्यांत खरखर, गाण्यांत जरा कमी. सगळीकडे खरखर म्हटलं तर संशय येईल, म्हणून एका खोलीपुढे लिहिलं, 'अगदी स्पष्ट'. भीतीने दुसरा नंबर सुचेना. लालबागच्याच चाळीतल्या तुमच्या खोलीचा लिहिला.

साहेबांना नेमकं त्याच खोलीचं नवल वाटलं. खरखर मोजायचं यंत्र घेऊन ते स्वतः गेले. तुम्ही कामावर होतात. दार उघडून वहिनी म्हणाल्या, "रेडिओ? आमच्याकडे नाही हो." साहेबांनी खिडकीतून आत आलेली एरियलची तार बोटाने धरली आणि तिच्यामागोमाग तुमच्या रेडिओवरच्या शालीपर्यंत पोहोचले. रेडिओ केंद्राचा मिस्त्री आणि घरी बिनपरवान्याचा रेडिओ! दुसऱ्या दिवशी चारचौघांत त्यांनी तुम्हाला झापलं. मी तिथेच उभा होतो, चपलेचा अंगठा बघत.

ट्रान्समीटर शिवडीला गेला, लालबागची खरखर गेली, मी कायम झालो. तुम्ही मात्र म्हणत राहिलात, "शेजाऱ्यानंच चुगली केल्यान." त्याच्याशी बोलणं टाकलंत ते शेवटपर्यंत. माझ्या लग्नात त्याला पंगतीत लांब बसवायला लावलंत. तुमच्या तिरडीला पहिला खांदा त्यानेच दिला. दुसऱ्या बाजूला मी होतो. रस्ताभर त्याला सांगावंसं वाटत होतं. सांगितलं नाही.

नंबर मी लिहिला, मिस्त्री.

आत्ता सवयीने पाकिटावर तुमचा पत्ता घालायला घेतला आणि खोलीच्या नंबरापाशी थांबलो. तो नंबर एकदा लिहून काय झालं, ते मला माहीत आहे.